काकूंच्या पायाखालचा अ‍ॅक्सिलरेटर

मित्रांनो, गाडीत बसणारा माणूस आधी काच बघतो, मग आरसा बघतो आणि आरशात स्वतःचे केस बघतो. खाली वाकून मला कोणी बघत नाही. मी एक जुना अ‍ॅक्सिलरेटर आहे. चालवणाऱ्याच्या उजव्या पायाखाली, अगदी कडेला माझी जागा. मी दबलो की इंजिनाला जोर येतो आणि गाडी पुढे जाते. माझा शेजारी ब्रेक. संकट टळलं की सगळे त्याचं कौतुक करतात, "ब्रेक वेळेवर लागला हो!" पण गाडी सुखरूप पोचली म्हणून "अ‍ॅक्सिलरेटर छान दबला हो!" असं आजवर कोणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. पलीकडचा क्लच तर फारच मानी. त्याला सोडताना जरा घाई झाली की तो गाडीच बंद पाडतो.

कारखान्यात एक लोखंडी पट्टी वाकवून, तिला रबराचं टोपडं घालून मला घडवलं. माझ्यापासून इंजिनापर्यंत एक बारीक तार जाते. तिला केबल म्हणतात. मला जे कळतं ते तिच्यामार्फत इंजिनाला कळतं.

माझी उमेदीची वर्षं गाडीच्या मालकांच्या, म्हणजे काकांच्या पायाखाली गेली. वय झालं तशी केबल सैल पडली. मी अर्धा दबेपर्यंत इंजिनाला पत्ताच नसायचा. दुसरा कोणी असता तर वैतागला असता, पण काकांचा पाय शहाणा. तो मला थेट अर्ध्यावर न्यायचा आणि तिथून पुढे हलकेच दाबायचा. "आमची गाडी आधी विचार करते, मग निघते," असं ते पाहुण्यांना अभिमानाने सांगत. दर रविवारी ते काकूंना गावाबाहेरच्या तलावावर घेऊन जात.

मग काकांची नजर अधू झाली आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. गाडीवर कापड पडलं. काकांनी घराबाहेर पडणंच सोडलं. कोणी बोलावलं की म्हणत, "मला कोण नेणार?" भाड्याच्या गाडीचं नाव काढलं की तोंड फिरवत. दिवसभर खुर्चीत बसून राहत आणि जेवायलाही दोनदा हाका माराव्या लागत. काकूंना ते बघवत नव्हतं. शेवटी एक दिवस काकांनी जुन्या गाड्या घेणाऱ्या माणसाला फोन केला आणि रविवारी सकाळी यायला सांगितलं. मित्रांनो, तो माणूस माझ्यासारख्यांना सुटं करून विकतो. माझं रबर गार पडलं.

"त्याला येऊ द्या, पण तोवर मी शिकते," काकू म्हणाल्या.

"तू?"

"जन्मभर पायानेच मशीन चालवलीये मी. हाही पायच आहे."

काकू शिवणकाम करतात. लायसन्स त्यांनी तरुणपणीच काढलं होतं. ते कापडाच्या तुकड्यांखाली पडलेलं असे. त्या नेमाने त्याची मुदत वाढवून आणायच्या आणि गाडी नेमाने काका चालवायचे.

मेकॅनिक आला. उभ्या गाडीत केबल गंजून आखडली होती. त्याने नवी कोरी घातली, "झाली बघा, मक्खन!" म्हणाला आणि गेला. तो हॉर्न पुसला तरी हेच म्हणतो. पण या खेपेला ते खरं होतं. नुसतं बोट लागलं तरी इंजिन "ओ" देत होतं. मला तर पुन्हा तरुण झाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी इमारतीमागच्या मोकळ्या जागेत शिकवणी सुरू झाली. काका शेजारच्या सीटवर बसून उंटावरून शेळ्या हाकू लागले.

"क्लच हळू सोड. आता रेस दे. अर्ध्यापर्यंत दाब, घाबरू नको!"

काकूंनी आज्ञाधारकपणे मला अर्ध्यापर्यंत दाबलं. गाडी अशी उसळली की काकांचा चष्मा मागच्या सीटवर जाऊन बसला. घाबरून काकूंनी पाय काढला, तर गाडी आचके देत बंद पडली. पुन्हा तेच. त्यात काकूंच्या पायाला मशीनची सवय. टाच, चवडा, टाच, चवडा! गाडी लहान मुलासारखी लंगडी घालत निघाली आणि कचऱ्याच्या डब्याला जाऊन भेटली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली.

"अगं, किती वेळा सांगू? अर्ध्यापर्यंत!"

"अहो, अर्ध्यापर्यंतच दाबतेय!"

असं रोज चाललं. शनिवारी काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला नाही जमत. उद्या देऊन टाका," त्या म्हणाल्या.

"ऊठ. मी दाखवतो," काका म्हणाले.

गिअर काढलेला, हँडब्रेक ओढलेला. काका चाचपडत माझ्यासमोर बसले. किती दिवसांनी तो पाय! तो सवयीने थेट अर्ध्यावर आला आणि इंजिन असं किंचाळलं की सगळ्या खिडक्या उघडल्या. वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं, "विमान उडवताय का?"

काकांनी पाय झटकन उचलला. मग पुन्हा, अगदी अलगद ठेवला. इंजिन लगेच गुरगुरलं. मला काकांची फार दया आली.

"तुझी चूक नव्हती गं," ते हळू आवाजात म्हणाले. "मी जुन्या केबलचं शिकवत होतो. नजर गेली, म्हटलं, निदान ही गाडी तरी मला येते. तीही येत नाही."

"मला तरी कुठे येते?" काकू म्हणाल्या. "दोघं मिळून शिकू. पण तुम्ही जरा गप्प बसा. तुमच्या बोलण्यात मला गाडी ऐकूच येत नाही."

जागा बदलल्या. काकूंनी चपला काढल्या, टाच जमिनीवर टेकली आणि क्लच हळूहळू सोडला. गाडी किंचित थरथरली, आवाज जड झाला.

"जाड शिवण आली की मशीन अशीच कण्हते," त्या पुटपुटल्या. "तेव्हा पायाला जरा जोर द्यायचा."

त्यांनी मला नखभर दाबलं. क्लचने मान सोडला, मी उड्या सोडल्या आणि गाडी निघाली. कचऱ्याचा डबा बाजूने गेला. काकांनी बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. त्यांच्या आयुष्यातला हा पहिलाच प्रसंग असावा. अंधार पडेपर्यंत आम्ही गोल गोल फिरत राहिलो.

रविवारी सकाळी आम्ही तलावाच्या रस्त्याला होतो. मागचे लोक हॉर्न वाजवत होते, काकू त्यांना खुशाल वाजवू देत होत्या. इतक्यात काकांचा फोन वाजला. गाडी घेणारा माणूस दारात येऊन उभा होता.

"गाडी दिसत नाही," तो म्हणाला.

"बायको घेऊन गेलीये."

"आणि तुम्ही कुठे आहात?"

"मलाही घेऊन गेलीये," काका म्हणाले आणि इतके हसले की काकूंनाही हसू आवरेना.

मित्रांनो, मी मुका आहे, तेव्हा एवढंच मागतो. माझ्याखाली चिखल साचू देऊ नका, केबलला अधूनमधून तेल द्या, मला जपून दाबा. आणि शेजारी बसून कोणाला शिकवायची हौस आलीच, तर आधी एकदा स्वतः पाय ठेवून बघा.