बारा पंधराची गाडी

कंट्रोलरबाईंनी एकतीस वर्षं बस स्टँडवरून गाड्या सोडल्या. काचेची केबिन, समोर माइक, हाताशी लॉगशीट आणि दारात सदान्कदा तक्रार घेऊन उभा असलेला एखादा ड्रायव्हर. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गल्लीत त्यांना कोणी नावाने हाक मारत नाही. आणि त्याही अजून विमानाला गाडीच म्हणतात. थोरल्याने, म्हणजे त्यांच्या मुलाने, दोनदा सुधारून पाहिलं. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "माणसं बसतात, वेळेवर सुटते, वेळेवर पोचते. मग गाडी नाही तर काय?" त्यावर त्याने हात टेकले.

तर अशा या बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा आपलं तिकीट दुसऱ्याला काढू दिलं, आणि तिथेच फसल्या.

त्याचं असं झालं. धाकटी, म्हणजे त्यांची लेक, सात वर्षं परदेशात नोकरीला. तिने तिकडेच लग्न ठरवलं. मुलगा चांगला, पण त्याचं आधीचं एक लग्न मोडलेलं आणि पदरात आठ वर्षांची मुलगी. थोरल्याचं डोकंच फिरलं. "तिला मी बोट धरून शाळेत नेलं आणि मला एका शब्दाने विचारावंसं वाटलं नाही?" इथून सुरुवात झाली ती "ती आपल्याला मेली" इथवर गेली. तेव्हा बाईंनी पुढचं ताट बाजूला सारलं. "तुला मेली असेल. मी लग्नाला जाणार आहे," एवढंच बोलून त्या उठल्या.

पंधरा दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. मग एका दुपारी थोरला आपणहून त्यांच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. "जा तू. तिकिटं मी काढतो." तो ट्रॅव्हल कंपनीत होता, दिवसभर दुसऱ्यांची तिकिटंच काढायचा. बाईंना भरून आलं. चिडतो, तोंड टाकतो, पण पोर मनाने वाईट नाही, असं त्यांनी शेजारणीलाही सांगून टाकलं.

तिकीट हातात आल्यावर मात्र जुनी खोड जाईना. चष्मा चढवून त्यांनी वेळा वाचल्या. देशातली गाडी दहा चाळीसला पोचते, परदेशातली बारा पंधराला सुटते.

"मध्ये दीडच तास?"

"आई, तो तुझा स्टँड नाही. तिथे सगळं आपोआप होतं. बॅगसुद्धा परस्पर पुढच्या विमानात जाते."

बाईंनी तिकीट घडी घालून ठेवलं. त्याच्या कामात आपण कशाला नाक खुपसायचं?

खरं म्हणजे त्यांना बॅगही न्यायची नव्हती. खांद्याला एक पिशवी, झालं. पण थोरल्याने माळ्यावरची सगळ्यात मोठी बॅग खाली काढली. "तिच्यासाठी माझ्याकडून थोडं पाठवतोय." चादरी, टॉवेल, स्टीलचे डबे, एक जाडजूड ब्लँकेट, आणि सगळ्यात वर बाईंचे लग्नात घालायचे नवे कपडे. तेवीस किलो भरली. टॅगवर त्याने स्वतःचं नाव आणि स्वतःचा नंबर लिहिला. भाऊ बहिणीला संसाराचं सामान पाठवतोय हे बघून बाई स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आल्या.

एकच वस्तू त्यांनी त्या बॅगेत घातली नाही. धाकटीकडून मापं मागवून, त्या आठ वर्षांच्या पोरीसाठी त्यांनी स्वतः एक हिरवा फ्रॉक शिवला होता. थोरल्याच्या नजरेला पडला तर पुन्हा घरात महाभारत नको, म्हणून तो त्यांनी खांद्याच्या पिशवीत अगदी तळाशी दडवला.

लग्न शनिवारी सकाळी अकराला होतं. शुक्रवारी बाईंची पहिली गाडी दहा चाळीसला उतरली, अगदी ठोक्याला. बाईंनी मनातल्या मनात लॉगशीटवर बरोबरची खूण केली. बॅगांच्या पट्ट्यांपाशी 'पुढील विमानांची चौकशी' अशी पाटी होती. खात्री केलेली बरी म्हणून त्यांनी तिकिटं तिथल्या बाईपुढे सरकवली. तिशीची असेल ती, डोळ्यांखाली काळं आलेलं. तिने एक कागद पाहिला, दुसरा पाहिला, पुन्हा पहिला पाहिला.

"काकू, ही दोन वेगवेगळी तिकिटं आहेत."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुमची बॅग पुढे जात नाही. ती इथे पट्ट्यावरून घ्यायची, बाहेर पडायचं, बसने दुसऱ्या इमारतीत जायचं आणि तिथे पुन्हा द्यायची. तिथलं काउंटर विमान सुटायच्या एक तास आधी बंद होतं. म्हणजे सव्वाअकराला."

भिंतीवरच्या घड्याळात दहा चोपन्न झाले होते. समोरचा पट्टा ढिम्म हलत नव्हता.

"हा पट्टा कधी चालू होणार?"

"वीस-पंचवीस मिनिटं तरी जातील."

"म्हणजे माझी गाडी वेळेवर आली, तरी पुढची चुकणार."

"चुकणारच, काकू. देशातल्या विमानातून परदेशातल्या विमानात जायला आम्ही तीन तास हातात ठेवायला सांगतो. तुम्ही स्वतः काढलंत का हे, मोबाइलवर? कारण ट्रॅव्हलवाले असं कधीच काढत नाहीत. त्यांना हे तोंडपाठ असतं."

"तोंडपाठ असतं," बाई म्हणाल्या. "आणि पुढची गाडी?"

"आता थेट रविवारी."

बाईंनी फोन चालू केला आणि तो हातातच वाजला. थोरला होता.

"आई, चुकलं ना कनेक्शन? घाबरू नकोस हं. तिथेच खुर्चीवर बसून राहा. संध्याकाळी पाच चाळीसचं परतीचं तिकीट काढून ठेवलंय मी."

 बाईंनी अजून त्याला काहीच सांगितलं नव्हतं.

"कधी काढलंस?"

"काय?"

"परतीचं. कधी काढलंस?"

 मग तो म्हणाला, "आई, तुझ्याच भल्यासाठी. तिकडे जाऊन चार परक्या माणसांत तुझी शोभा झाली असती. मला भांडण नको होतं, म्हणून..."

"म्हणून पुढची गाडी चुकवलीस आणि परतीची सोय केलीस. छान. फोन ठेव आता, मला कामं आहेत."

 पोटच्या पोराने आपल्याला लहान मुलासारखं फसवलं, याचं दुःख झालंच. पण दुःखापेक्षा संताप मोठा होता. फसवायला त्याने नेमकी तीच गोष्ट निवडली होती, जी बाईंना झोपेतून उठवून विचारली तरी आली असती. एका गाडीतून उतरलेलं माणूस दुसऱ्या गाडीत बसवायचं. एकतीस वर्षं दुसरं केलं काय त्यांनी?

आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला तो बॅगेचा. स्टँडवरची साधी गोष्ट. माणूस पळत येऊन गाडी गाठतो, अडतो तो टपावरच्या गाठोड्यापायी. ते डबे, ते ब्लँकेट, त्या तेवीस किलो चादरी. बहिणीसाठी काही नव्हतं त्यात. आईच्या पायात अडकवायला होतं सगळं. आणि आपण त्यावर डोळे पुसले होते.

"बॅग सोडून दिली तर?" त्यांनी काउंटरवरच्या बाईला विचारलं.

"अहो, सगळं सामान तुमचं..."

"सोडून दिली तर काय होतं ते सांगा."

"काही नाही. ऑफिसात जमा होते. टॅगवरच्या नंबरवर फोन करून घेऊन जायला सांगतात."

"टॅगवर मुलाचा नंबर आहे."

काउंटरवरच्या बाईने वर पाहिलं. फोनवरचं तिने ऐकलं होतंच. तिच्या थकलेल्या चेहऱ्यावर हसू आलं. "मग काकू, डावीकडचं दार. पळा."

बाई निघाल्या. त्यांचे नवे कपडे त्याच बॅगेत होते. कापड निवडायला त्यांना तीन दुकानं पालथी घालावी लागली होती. जाऊ देत खड्ड्यात. अंगावरच्या कपड्यांनिशी उभी राहीन लेकीच्या लग्नात, पण उभी राहीन.

बाहेर बस उभी होती. ड्रायव्हर मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

"किती वाजता सुटणार?"

"अकरा दहा."

"पोचायला?"

"आठ मिनिटं."

अकरा अठरा. तीन मिनिटांनी बोंब. दुसरी एखादी बाई तिथे रडली असती किंवा त्या ड्रायव्हरच्या पाया पडली असती. बाईंनी मान वळवून सगळा थांबा नजरेखालून घातला. टोकाला एक बस, पाटी कोरी, ड्रायव्हर नुकताच चढून दार लावत होता.

"ती डिझेलला चालली ना, डेपोत?"

"हो. पण ती रिकामी जाते, माणसं घेत नाही."

"आणि रस्ता?"

"रस्ता तोच, त्या इमारतीवरूनच."

बाई जाऊन त्या बसच्या थेट समोर उभ्या राहिल्या आणि हात वर केला. गाडी जागच्या जागी थबकली. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं. "ओ बाई, बाजूला व्हा. ही प्रवाशांची गाडी नाही."

"ठाऊक आहे मला. डेपोची रिकामी गाडी आहे. अशा हजारो सोडल्यात मी. मी कंट्रोलर आहे. आमच्याकडे स्टाफ अडला तर रिकाम्या गाडीतून जायचा. तुमच्याकडे जातो की नाही?"

ड्रायव्हरने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. पायात चपला, खांद्याला पिशवी, हात अजून तसाच वर. असा हात कोण वर करतं हे त्याला माहीत होतं. बावीस वर्षं तो तसल्या कंट्रोलरांच्या शिव्या खात आला होता.

"जातो," तो म्हणाला. "पण तक्रार झाली तर माझ्या बोडक्यावर येईल."

"कंट्रोलरने बसवलं म्हणून सांगा."

"अजून नोकरीत आहात तुम्ही?"

"ते वाटेत विचारा. अकरा वाजून दोन मिनिटं झालीत."

त्याने दार उघडलं. वाटेत मात्र त्याने काही विचारलं नाही, फक्त एका वळणावर गिअर टाकताना म्हणाला, "आमचा कंट्रोलर पण असाच. माणूस खडूस, पण गाडी चुकू द्यायचा नाही." बाईंना आठवड्याभरात कोणी एवढं चांगलं बोललं नव्हतं.

अकरा अकराला त्या काउंटरला भिडल्या. तिथला पोरगा स्टूल मागे सरकवून उठायच्या बेतात होता.

"सामान?"

"नाही."

"काहीच नाही?"

"एवढ्यात ऐकू कमी येतं का तुम्हाला?"

त्याने मुकाट्याने बोर्डिंग पास छापून दिला. पुढे पासपोर्टवर शिक्का मारणारा साहेब जास्त चिकित्सक निघाला. त्याने पिशवीकडे बघितलं, तिकिटाकडे बघितलं. "तीन आठवडे राहणार आणि एवढीशी पिशवी?"

"बाकीचं सामान मुलगा घेऊन जाणार आहे."

"कुठे?"

"घरी."

साहेब थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. बाईंनीही नजर हलवली नाही. शेवटी त्याने शिक्का मारला.

बारा वाजता बाई आपल्या जागेवर बसल्या. खिडकीची जागा होती.  पिशवी मांडीवर घेऊन त्यांनी आत हात घातला. तळाशी फ्रॉक होता, जरा चुरगळला होता, एवढंच. त्यांनी धाकटीला दोन शब्दांचा मेसेज टाकला, 'गाडीत बसले.' आणि तेवढ्यात थोरल्याचा फोन आला.

"आई, कुठे आहेस तू? विमानतळावरून फोन आला, बॅग पट्ट्यावर बेवारस पडलीय म्हणतात.  बरी आहेस ना? बोल काहीतरी."

आवाज खरोखर घाबरलेला होता. बाईंना ते कळलं आणि क्षणभर त्यांचं मन निवळलं. शाळेतून यायला पाच मिनिटं उशीर झाला तरी हा धाकटीला शोधायला धावायचा, तोच आवाज. पण निवळलं म्हणून त्या विरघळल्या नाहीत. त्यांनी पाठ ताठ केली, घसा साफ केला आणि फोन तोंडासमोर धरला, माइक धरायच्या तसा. सहा वर्षांत तो आवाज त्यांनी काढला नव्हता.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. बारा वाजून पंधरा मिनिटांची गाडी वेळेवर सुटत आहे. पट्ट्यावर राहिलेलं सामान ज्याचं त्याने येऊन घेऊन जावं."

पुढच्या तीन रांगांतली माणसं दचकून आपापल्या बॅगा चाचपू लागली. एअर होस्टेस लगबगीने येत होती. बाईंनी तिला हातानेच थांबवलं. एक ओळ राहिली होती. स्टँडवर त्या दर वेळी शेवटी ती म्हणायच्या, कारण मागे राहिलेल्याला तसंच सोडून केबिन बंद करणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

"आणि ज्याची गाडी चुकली आहे," त्या म्हणाल्या, "त्याने रविवारच्या गाडीने यावं."

 बाईंनी फोन बंद केला, पट्टा बांधला आणि फ्रॉक मांडीवर पसरून हाताने त्याच्या चुण्या काढायला घेतल्या.