खेमराजच्या जीपचं दार

मी एक बिजागरी. कपाटाची किंवा पेटीची नव्हे, खास मापाने बनवून घेतलेली, जीपच्या दाराची. आमच्याकडे मला कब्जा म्हणतात. म्हणोत बापडे! मी स्वतःला बिजागरीच म्हणते, ते जरा शोभून दिसतं.

माझा जन्म झाला तो गुणाबाईच्या रुसण्यामुळे. गुणाबाई ही दिघोरीच्या खेमराजची बायको. तो तलावात मासोळी धरायचा आणि ती अड्याळच्या बाजारात विकायची. तिच्या जिभेपुढे गिऱ्हाइकाचं काही चालत नसे. त्यांची जुनी जीप तलावाच्या पाळीवरून म्हणजे बांधावरून, शेताच्या धुऱ्यावरून, कुठूनही निघायची. फक्त तिला डाव्या बाजूचं दार नव्हतं. एके दिवशी पाळीवरच्या खड्ड्यात जीप उसळली आणि गुणाबाई टोपलीसकट चिखलात! खेमराज आपला गाणं म्हणत पुढे. अड्याळला पोचून बाजूला बघतो, तर सीट रिकामी.

त्या दिवसापासून गुणाबाईने जीपचं नाव टाकलं. टोपली घेऊन ती एसटीने जाऊ लागली आणि खेमराज एसटीच्या मागे मागे एकटाच जीप हाकू लागला. त्याला फार वाईट वाटायचं. दार बसवलं की बायको बसेल, असं त्याच्या मनाने घेतलं. भंगारातून त्याने दुसऱ्याच कुठल्या गाडीचं दार आणलं. त्याला जुळणारा कब्जा तयार मिळेना, म्हणून तो भंडाऱ्याला मधुकररावांकडे गेला.

मधुकरराव विणकराच्या घरातले, पण हातमाग सोडून लेथ आणि वेल्डिंगकडे वळलेले. जीप बिघडून घरी उभी होती, म्हणून खेमराजने माप आणलं ते जाळ्याच्या नायलॉन दोऱ्यावर. वरच्या कब्ज्याच्या जागी एक गाठ, खालच्या कब्ज्याच्या जागी एक गाठ. टेप नावाची वस्तू जगात आहे, हे दोघांपैकी एकालाही आठवलं नाही.

ट्रॉलीच्या जुन्या पट्टीतून मधुकररावांनी आम्हा दोघी बहिणींना कापलं, घासलं, लेथवर खिळ्या वळल्या आणि आत पितळेची नळी बसवली. पितळी भांड्यांच्या भंडाऱ्यात जन्मायचं आणि अंगावर पितळ नाही, हे मला तरी चाललं नसतं. मग गाठी पाहून दोघींना एकाच लांब पट्टीवर पक्कं जोडलं. वरची मी.

दार बसवायला मधुकरराव स्वतः दिघोरीला आले. माझी भोकं बरोबर जुळली. खालच्या बहिणीची मात्र बोटभर वर राहिली.

"मिस्तरी, हे काय करून ठेवलं? माप तं मी बराबर देल्लो होतो!" खेमराज म्हणाला.

"अन् मी का आंधळा हावो? तुमच्या गाठीवरच जोडलं," मधुकरराव तापले.

दोघांचा आवाज चढला तशी गुणाबाई हात पुसत बाहेर आली. तिने दोरा मागून घेतला आणि आधी नवऱ्याच्या हातात दिला. त्याने तो जाळं ओढावं तसा खेचून धरला. मग तिने तो मधुकररावांना दिला. त्यांनी सूत तुटेल या भीतीने तो फळीवर अलगद निजवला.

"पाहा," गुणाबाई म्हणाली, "एक मानूस ताणून मोजते, दुसरा ढिला सोडून. अन् भांडून कायले राहिले?"

मधुकररावांनी मान खाली घातली. गावातल्याच वेल्डिंगच्या दुकानात पट्टी मधोमध कापून त्यांनी बोटभर तुकडा जोडला. दार चपखल बसलं. खेमराजने ते दहादा उघडलं, दहादा लावलं. मी तर फुशारून गेले. मग त्याने दार उघडून धरलं.

"बस आता, रंजूची माय. आता काही पडत नाहीस."

गुणाबाईने टोपली उचलली आणि सरळ एसटीच्या रस्त्याने निघाली.

"काहून वो? दार लावलं ना!"

"दारासाठी रुसली होती काय मी?" ती वळली. "पडली, त्याचं काही नाही. मानूस पडते. पन तुमी अड्याळपावत गेले, अन् बाजूले बायको नाही हे तुमाले ठाऊकच नाही!"

खेमराजचा हात माझ्याजवळच होता. त्याने दार तसंच उघडं धरून ठेवलं होतं. मला त्याची दया आली आणि स्वतःची लाजही वाटली. मोठी दार सांभाळायला आले होते!

"चुकलो, गुणा," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने तिचं नाव घेतलं ते पहिल्यांदाच. ती मागे फिरून जीपजवळ आली. मग टोपली आत ठेवली, बसली आणि दार असं आपटलं की माझी खिळी हादरली.

याला आता बारा-चौदा वर्षं झाली. माझा रंग उडालाय, पितळ झिजलंय, पावसाळ्यात मी कुरकुरते. कुणी थेंबभर तेल सोडलं तर उपकार होतील. कब्ज्याने संसार जोडला, असं गावात म्हणतात आणि मीही गप्प राहून ते ऐकून घेते. तुम्हाला मात्र खरं सांगते, ते काम माझं नव्हे. आजही खड्डा आला की खेमराज रस्त्यावरची नजर काढून बाजूला बघतो.

"गुणा, हायेस ना?"

"हावो ना! तुमी समोर पाहा."