खमीर जागं आहे

पिठावर बुडबुडे आले की खमीर जिवंत आहे असं समजायचं, हा पाववाल्याला त्याच्या बापाने दिलेला पहिला धडा. दुसरा धडा असा, की गोळा एकदा झाकला की फडकं उचलून डोकवायचं नाही. हा दुसरा धडा तो भट्टीवर दिवसभर इतका ओरडे, की घरात लेकीलाही पाठ झाला होता.

लेकीला ठकी म्हणत. तिच्या डोळ्यामागे गाठ होती, नसेला अशी बिलगलेली की काढायला जावं तर नजरच जायची. म्हणून गोळ्या सुरू झाल्या. गाठीला ‘वाढ, वाढ’ असा निरोप मिळत होता, तो या गोळ्या वाटेतच अडवत. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलं होतं, “कातडीलाही तोच निरोप लागतो. पुळ्या येतील, नखं दुखतील. मलम लावा, आणि काही दिसलं तर लगेच सांगा.”

पुळ्या आल्या. नाकावर, गालांवर, हनुवटीवर, मोहरी सांडावी तशा. आईचा जीव तीळ तीळ तुटला. बाप मात्र लेकीची हनुवटी उजेडाकडे वळवून हसला.

“फुगतंय बघ. औषध जागं आहे.”

“पोर आहे ती, पाव नव्हे.”

“तुला भट्टीतलं काय कळतंय?”

आईची शिवणकारखान्यात सकाळची पाळी, तेव्हा मलमाचं काम त्याने आपल्याकडे घेतलं. ट्यूब तशीच गच्च राहिली. पुळ्या मावळल्या तर औषध जागं की झोपलेलं, हे त्याने कशावरून ओळखायचं? ठकीने तर गाणंच रचलं:

*पुळी पुळी फुग गं,*
*गाठी गाठी सुक गं,*
*बाबाला या पुळ्यांची*
*लागली मोठी भूक गं.*

शाळेत शेजारची मुलगी बाकावरून उठून गेली. ठकी घरी बोलली नाही. मग पायाच्या अंगठ्याचं नख कडेने लाल होऊन टरारलं. त्याबद्दलही ती बोलली नाही. फुगलं म्हणजे चांगलंच ना!

तपासणीच्या दिवशी नर्सताई म्हणाल्या, “मोजे काढ गं राणी.” एक मोजा निघेना. पाणी घालून सोडवावा लागला. आत नखावर मांस चढलेलं आणि कडेला पू.

“मलम कोण लावतं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

आईने नवऱ्याकडे पाहिलं.

“मी,” पाववाला म्हणाला. “म्हणजे, लावत नव्हतो.” आणि त्याने खमिराचं सगळं सांगितलं. बाईंनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

“पुळ्या गेल्या म्हणून औषध जात नाही,” त्या म्हणाल्या. “गाठीचं काय चाललंय ते स्कॅनमध्येच दिसेल, आणि त्याला अजून अवकाश आहे. पण हा अंगठा निवळेपर्यंत गोळ्या बंद.”

त्याचा चेहरा पिठासारखा झाला. औषध थांबू नये म्हणून तर एवढं केलं होतं.

“आणि तेवढ्यात गाठ वाढली तर?”

“थोड्या दिवसांत सहसा नाही वाढत. शपथेवर मात्र सांगणार नाही.”

घरी त्याने कोमट पाण्याचं घमेलं भरलं, लेकीचा पाय त्यात सोडला, आणि कणीक मळणाऱ्या बोटांनी तिच्या गालांवर मलम पसरलं. रोज पसरलं. अंगठ्याची सूज उतरू लागली, गाल निवळले. आत गाठीचं काय चाललंय, हे ज्याला विचारावं असं काहीच त्या तोंडावर उरलं नाही. तरी मलम लावून झाल्यावर त्याचा हात हनुवटीखाली जायचाच.

एके दिवशी ठकीने बाजूला पडलेला टॉवेल ओढून तोंडावर घेतला.

“बाबा, फडकं उचलायचं नाही.”

तो हात मागे घेऊन बसून राहिला. टॉवेल तिच्या श्वासाने हळूहळू वर-खाली होत होता.