मोकळं झालेलं पुस्तक

तेजस्विनीच्या पुस्तकाची अख्ख्या तालुक्यात एकच प्रत, आणि ती खोडदला सयाजीबाबांच्या कपाटात, कुलपात. डोंगरातल्या भातशेतीवर त्यांच्या या पोरीनं सात वर्षं खपून इंग्रजीत लिहिलेलं, परदेशात छापलेलं. छापून आलं आणि सहा महिन्यांत ती आजारानं गेली. बाबांना इंग्रजीचं अक्षर येत नाही. आणि किंमत सव्वानऊ हजार, म्हणून दुसरी प्रत कुणी मागवली नाही.

वाचक मात्र एक होता. भीमाशंकरच्या अंगाच्या वाडीतली मंगल, पीएचडी करणारी. दर रविवारी तीन एसट्या बदलून यायची. नारायणगावात माझं झेरॉक्सचं दुकान. मी बाबांना म्हटलं, "द्या की पुस्तक, तासाभरात पोरीला अख्खं काढून देतो."

"बांधनी उसवल, गोकुळ."

"मग तिला मोबाईलवर फोटो तरी काढू द्या."

"पानाला उजेड बाधतो."

दोन्ही सबबी मी मनात जमा करून घेतल्या. हिशेब उघड होता. मंगल एक पान वाचायची, तेवढं मराठीत सांगायची, आणि बाबा ओट्यावर बसून आपल्या लेकीचं बोलणं ऐकायचे. रविवारी बारा पानं. तेराव्या पानाला बाबांना नेमकी झोप यायची.

उन्हाळ्यात प्रकाशकाची ईमेल आली. बाबांच्या नावापुढं पत्ता माझ्याच दुकानाचा दिलेला. पुस्तक इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोफत खुलं करायचंय, वारस म्हणून तुमची सही हवी.

"फुकाट दिल्यावर किंमत ऱ्हाती का रं?" बाबा म्हणाले.

"कुलपातल्या पुस्तकाला तरी कुठं आहे?"

"तू लई शाना. बघू."

बघू बघू करत तीन महिने गेले.

एका रविवारी मी तिथंच होतो. मंगल वाचता वाचता थांबली.

"बाबा, ही झुंबरबाई म्हणजे आमची आजी. तेजस्विनीताई आमच्या घरी जेवलेल्या. हे बियाण्याचं सगळं आजीनंच सांगितलंय त्यांना. तिला हे दाखवायचंय हो."

"घिऊन ये की तिला."

"ती आता उंबऱ्याबाहेर पडत नाही. इथवर कशी येणार?"

बाबांनी पुस्तक हातात घेतलं. पानावरून बोट फिरवलं. "तिला म्हनावं..." म्हणाले, आणि पुस्तक मिटलं.

सोमवारी मी शटर उघडायच्या आधीच बाबा पायरीवर बसलेले. सही ठोकली. कागद परत देताना म्हणाले, "निम्मं ऐकायचं ऱ्हायलंय माजं. मोबाईलात आलं तरी पोरगी सांगाया यील की. न्हाई?"

"येईल की," मी म्हणालो. तेवढं बोलायला काय जातं?

पुस्तक खुलं झालं. मंगलचा फोन आला, बाबांनी तो स्पीकरवर टाकला. "बाबा, आजीला दाखवलं! नावावर बोट ठेवून किती वेळ हसत बसली. आता तुमचा रविवारचा त्रासही वाचला."

"ब्येस झालं," बाबा म्हणाले.

त्यानंतरच्या चौथ्या रविवारी ते धुतलेला सदरा घालून दुकानात आले. "किती लोकांनी वाचलं ते दिसतं म्हनं."

मी इंटरनेटवरचं पान उघडून दाखवलं. एकेचाळीस जणांनी पुस्तक डाउनलोड करून, उतरवून घेतलं होतं.

"यातली मंगल कंची?"

"नावं येत नाहीत, बाबा. नुसता आकडा येतो."

त्यांनी स्टूल ओढलं आणि आकड्यासमोर बसून राहिले. मला राहवेना. म्हटलं, राहिलेलं निम्मं कॉम्प्युटरकडून मराठीत करून देतो, जमेल तसं. त्यासाठी मी पुस्तक उतरवून घेतलं. पडद्यावर बेचाळीस झाले.

"आलं! आत्ता आलं कुनीतरी!" बाबा स्टुलावरून उठलेच. "कोन आसल रं?"

"बाबा, ते..."

"गप. वाचू दे त्याला."