तिसरं कलम

मसुदा ईमेलनं आला मंगळवारी, दुपारी अडीचला. परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारता मारता ग्रंथपालबाईंनी तो उघडला आणि मजकुराआधी त्यांची नजर पाठवल्याच्या वेळेवर अडकली. मसुदा मास्तरांचा, आणि मास्तर पहाटे लिहिणारे. दुपारी त्यांनी कधी ओळ लिहिल्याचं बाईंना आठवत नव्हतं.

बाईंची नोकरी एका तांत्रिक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात. उरलेल्या वेळात त्या एका मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमचं काम करत. ही सिस्टीम कुठल्या कंपनीची नाही. ठिकठिकाणचे दोन-तीनशे लोक हौसेनं ती घडवतात आणि लाखो कॉम्प्युटरांवर ती फुकट चालते. बाई आणि मास्तर यांच्याकडे मिळून एका प्रोग्रॅमिंग भाषेचा रनटाइम होता, म्हणजे त्या भाषेतले प्रोग्रॅम ज्याच्या जिवावर चालतात तो पाया. तो बांधायचा, त्याचं पॅकेज करायचं, वर आपली डिजिटल सही करायची. सही दिसली की पॅकेज त्या लाखो यंत्रांत बिनबोभाट उतरतं.

यंदा सगळ्याच भाषांच्या रनटाइमसाठी एक धोरण ठरवायचं होतं. मसुदा लिहायचं काम अर्थातच मास्तरांकडे गेलं. या गोतावळ्यात त्यांच्या शब्दाला वजन होतं आणि जिभेला सगळे टरकून असत.

पहिलं कलम: एका भाषेचा एकच रनटाइम ठेवावा. दुसरं: प्रोग्रॅमनी आपापल्या लायब्रऱ्या, म्हणजे तयार जोडभाग, पोटात घेऊन फिरू नये, सामायिक वापराव्यात. इथवर मास्तर ठीकच होते. तिसरं कलम बाईंनी दोनदा वाचलं. रनटाइम मूळ सोर्सपासूनच, म्हणजे माणसाला वाचता येणाऱ्या मजकुरापासूनच, बांधावा, मात्र पहिल्या बांधणीसाठी बाहेरची तयार फाइल चालेल.

नवा रनटाइम बांधायला आधीचा लागतो, त्याला त्याच्या आधीचा. तयार फाइल आणली की हा जिना चढावा लागत नाही. पण त्या फाइलीच्या पोटात काय आहे ते कुणालाच दिसत नाही, आणि जे असेल ते तिच्यापासून बांधलेल्या प्रत्येक गोष्टीत उतरतं. अकरा वर्षं मास्तरांनी असल्या फाइलीला उंबरा ओलांडू दिला नव्हता. आणि आता स्वतःच दार उघडून 'या, बसा'?

बाईंनी जुनी पत्रं काढली. पूर्वीचे मास्तर लिहायचे: "नाही. कारण मागच्या वर्षी सांगितलंय." गेल्या वर्षभरातले मास्तर लिहीत होते: "आपल्या सूचनेबद्दल आभारी आहे." मुद्द्यांना (अ), (आ), (इ). स्वल्पविराम जागच्या जागी. बोलण्याच्या बैठकीला वर्षभर दांडी; कारण प्रत्येक वेळी एकच, घसा बसलाय.

"वर्षभर घसा बसलेला माणूस ऐकलायस कधी?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. तो दातांच्या कवळ्या बनवायचा. घरच्या टेबलावर एक जबडा घासत बसला होता.

"वयानं माणूस मवाळ होतो."

"हा माणूस? मवाळ?"

"मला दिवसभर खोटे दात दिसतात, तुला खोटी माणसं," तो हसला. मग बाईंचा चेहरा पाहून त्यानं जबडा खाली ठेवला. "एवढं वाटतंय तर खडा टाकून बघ."

बाईंनी खडा टाकला. मसुद्याबद्दल चार गोड वाक्यं लिहून शेवटी सहज जोडलं: 'मागच्या संमेलनात तुमची छत्री माझ्याकडे राहिली, ती अजून जपून ठेवलीय.'

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं: 'छत्री राहू द्या आपल्याकडेच. आपल्या आठवणीबद्दल आभारी आहे.'

छत्री नव्हतीच. कधीच नव्हती.

त्या पत्त्यावर दुसरंच कुणीतरी बसलं होतं. मास्तरांची सही त्याच्या हातात होती आणि शनिवारी मसुद्यावर मतदान होतं. सिस्टीमच्या समन्वयकाला कळवावं तर गाजावाजा होणार, आणि समोरचा सावध होणार. शिवाय समन्वयक तरी कोण, याची त्यांना त्या क्षणी खात्री वाटेना. त्याला त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिलं होतं.

मास्तरांनी पूर्वी एकदा पुस्तकांचं पार्सल पाठवलं होतं. त्याच्या वेष्टणावरचा पत्ता बाईंनी वहीत उतरवून ठेवला होता. गुरुवारी रजा टाकून बाई तीन तास बसनं त्या गावी गेल्या. मास्तर हयात असतील का, हा प्रश्न त्यांनी वाटभर मनात येऊ दिला नाही.

दुसऱ्या मजल्यावरचं दार सत्तरीच्या एका बाईंनी उघडलं. नाकावर चष्मा, दुसरा चष्मा केसांत खोचलेला. ग्रंथपालबाईंनी नाव सांगताच त्या क्षणभर दार धरून उभ्या राहिल्या.

"छत्रीवाल्या ना तुम्ही?" त्या म्हणाल्या. "मला वाटलंच होतं. उत्तर पाठवलं आणि मग यांची छत्री खुंटीला दिसली. आत या."

खिडकीशी आरामखुर्चीत मास्तर होते. उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा पडला होता. तोंडाची एक बाजू ओघळलेली. बाईंना पाहून त्यांचे डोळे मात्र लखलखले. "नाही," ते म्हणाले. "नाही, नाही."

"म्हणजे 'ये' म्हणतायत," मास्तरांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या. "अर्धांगाचा झटका येऊन चौदा महिने झाले. तेवढा एकच शब्द उरलाय. जेवायला वाढू का? नाही. पंखा लावू का? नाही. लावला नाही तर घामाघूम होतात."

"आणि पत्रं?"

"मी लिहिते. बांधणीही मीच करते. तीस वर्षं हवामान खात्यात आकडेमोड केलीय मी, प्रोग्रॅम यांच्याआधीपासून लिहितेय. यांचं काम दुसऱ्याकडे गेलं असतं तर हे उरलेसुद्धा नसते, म्हणून कुणाला बोलले नाही." त्या पदराशी चाळा करत थांबल्या. "सहीचा सांकेतिक शब्द मला ठाऊक होता. चोरी म्हणायची तर म्हणा."

बाईंना दया आली, पण संशय काही उठून गेला नाही. चौदा महिने जिनं बेमालूम सोंग वठवलं, तिचं आजचं बोलणं खरं कशावरून?

"तिसरं कलम कुणाचं?" त्यांनी रोखठोक विचारलं.

काकूंनी टेबलावरच्या जुन्या यंत्राकडे बोट केलं. "नव्या रनटाइमसाठी सहा पायऱ्या चढाव्या लागतात. हे बिचारं चौथीला मान टाकतं. चार चार दिवस चालवून पाहिलं. शेवटी एकानं मदत केली."

"कुणी?"

"नेहमी लिहितो तो. फार गुणी. म्हणाला, आजी, त्रास घेऊ नका, मी तयार फाइल देतो, तुम्ही फक्त नियमात जागा करा."

"आजी म्हणाला? पत्रं तर मास्तरांच्या नावानं जातात."

काकूंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, केसांतला लावला आणि पडद्यावर ती पत्रं उघडली. सात महिन्यांचा पत्रव्यवहार. तिसऱ्याच पत्रात त्यानं लिहिलं होतं, 'आजी, आजोबांची तब्येत कशी आहे?' काकूंनी कुणालाही काही सांगितलेलं नव्हतं.

"मला वाटलं, चाणाक्ष मुलगा आहे," त्या हळूच म्हणाल्या. "वर्षभरात दुसऱ्या कुणी विचारलं नव्हतं, तब्येत कशी म्हणून."

हे बाईंना लागलं. त्यांनीही विचारलं नव्हतं.

"फाइल वापरलीत?"

"अजून नाही. नियम झाल्याशिवाय कशी वापरणार?"

बाईंनी खुर्ची ओढली आणि मास्तरांसमोर बसून मसुदा मोठ्यानं वाचायला घेतला. पहिल्या कलमाला मास्तर म्हणाले, "नाही." दुसऱ्यालाही, त्याच स्वरात. तिसरं कलम निम्मं झालं आणि मास्तरांनी डावी मूठ खुर्चीच्या हातावर आपटली. एकदा, दोनदा. "नाही! नाही! नाही!"

काकू पांढऱ्याफटक पडल्या.

"मी यांना दोन वेळा वाचून दाखवलं होतं," त्या म्हणाल्या. "दोन्ही वेळा असेच म्हणाले. मी म्हटलं, यांचं काय, हे सगळ्यालाच नाही म्हणतात. हात आपटला तेव्हा वाटलं, पाठ दुखत असेल. उशी सरकवली." त्या नवऱ्याच्या पायाशी जमिनीवर बसल्या. "अहो, तुम्ही खरंच नाही म्हणत होतात?"

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग डावा हात त्यांच्या डोक्यावर ठेवला, जरा जडच.

बाई ती फाइल आणि सगळी पत्रं घेऊन परतल्या. शुक्रवारी समन्वयकाला फोन करून त्यांनी सगळं सांगितलं. मतदान पुढे ढकललं गेलं. बाईंनी प्राचार्यांची परवानगी काढली आणि सुट्टीतल्या संगणक कक्षात सहा पायऱ्या चढायला घेतल्या. नऊ दिवस लागले. त्यांच्या हाती आलेली फाइल आणि त्या गुणी मदतनिसाची फाइल एकसारखी नव्हती. फरक थोडका होता, दीडेक हजार अक्षरांचा. तो सहज पडलेला फरक आहे की मुद्दाम पेरलेला, यावर जाणकारांचं एकमत झालं नाही. त्याला विचारलं. उत्तर आलं नाही. पुन्हा विचारलं, तर पत्ताच बंद झाला होता.

तिसरं कलम बदललं: बाहेरची फाइल नाही, आणि पहिली बांधणी निदान दोघांनी दोन वेगळ्या ठिकाणी करायची, दोन्ही तंतोतंत जुळली तरच पुढे जायचं. ते चांगल्या मताधिक्यानं मंजूर झालं. काकूंना स्वतःच्या नावानं सभासद करून घ्यायला मात्र सहा जणांनी विरोध केला. त्या सहा जणांना काय म्हणायचंय ते बाईंना कळत होतं. बाईंनी काकूंच्या बाजूनं मत दिलं आणि दिल्यावरही मन खात राहिलं.

मास्तरांची सही रद्द करायला समन्वयक आणि बाई दोघं त्या घरी गेले. काकूंनी यंत्र खुर्चीशी आणलं, आज्ञा लिहिली आणि शेवटची कळ न दाबता बाजूला झाल्या.

"आता मी नाही हात लावणार," त्या म्हणाल्या. "तुमची आहे, तुम्हीच मोडा."

मास्तर बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. पुसट दिसत असावं, म्हणून पुढे झुकले. ओळ अक्षर अक्षर वाचली, अगदी तारखेपर्यंत. समन्वयकाची चुळबुळ सुरू झाली, तरी त्यांनी घाई केली नाही. मग डाव्या हाताचं मधलं बोट उचललं, कळ शोधली आणि दाबली.