थांबायची खूण

क्रेनवाल्याला वरून खालचं नीट दिसत नाही. तो पाहतो फक्त खाली उभ्या असलेल्या इशारेवाल्याचा हात. पंजा वर गेला की अख्खी लोखंडी तुळई हवेत जागच्या जागी थांबते. बांधकामावर सगळे या इशारेवाल्याला 'सिग्नल' म्हणत आणि त्याला ते मनातून आवडायचं.

घरी हाच हात बायकोवर दोनदा उठला होता. निदान तो तरी दोनदाच म्हणायचा. शेवटी ती थोरल्या बहिणीकडे निघून गेली. परतली ती एका अटीवर. त्याने समुपदेशक बाईंकडे जायचं, आणि पुन्हा हात उठला तर ती जाईल ती कायमचीच. चार दिवस गोड वागेल, मग येरे माझ्या मागल्या, असं बहीण म्हणाली होती. म्हणून तिची बॅग अजून अर्धी भरलेलीच पलंगाखाली होती.

राग आधी अंगात वर्दी देतो, असं बाईंनी शिकवलं. त्याचे कान तापायचे. कान तापले की खूण करायची, 'जरा वेळाने येतो' म्हणून बाहेर पडायचं, आणि खरंच परत यायचं. खूण दोघांनी मिळून ठरवा, असं त्यांनी बजावलं होतं. पण खुणांच्या बाबतीत याला कोण शिकवणार? पंजा वर केला की थांबायचं, असं त्याने घरी येऊन परस्पर जाहीर केलं. ती 'बरं' म्हणाली. हल्ली ती सगळ्यालाच बरं म्हणायची.

रविवारी चादरींच्या घड्या घालताना तिने दवाखान्यातल्या नोकरीत संध्याकाळची पाळी घेण्याचा विषय काढला. विचारायची एक पद्धत असते, तो म्हणाला. विचारतेच आहे, ती म्हणाली. शब्दाने शब्द वाढला. कान तापले. धडा वेळेवर आठवला याचा त्याला चक्क आनंद झाला, आणि त्याने हात ताठ वर केला.

ती झटकन खाली बसली. चादर डोक्यावर, कोपरं कानांशी घट्ट.

अगं, ही तर थांबायची खूण, असं तो म्हणू लागला आणि त्याला तिचाच राग आला. एवढं शहाण्यासारखं वागून हे फळ! कान आणखी तापले, तेव्हा मात्र त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. जरा वेळाने येतो, असं पुटपुटून तो जिन्यात जाऊन बसला. तिथे त्याला रडू फुटलं. ती घाबरली म्हणून नव्हे, किती सरावाने खाली बसली म्हणून. दोनदात एवढा सराव होत नाही. नुसते उगारलेले हात त्याने कधी हिशेबात धरलेच नव्हते.

तो परत आला तेव्हा बॅग पूर्ण भरून पलंगावर होती.

"खूण तू सांग," तो दारातूनच म्हणाला.

"मला खूण दिसतच नाही. हात दिसतो." ती म्हणाली. "खाली बसत जा. आधी बस, मग काय ते सांग."

तो तिथेच फरशीवर बसला, हात मांडीखाली घेऊन. ती त्याच्या खांद्याला लागायची, पण खालून केवढी तरी मोठी दिसत होती. म्हणजे इतकी वर्षं तिला आपण असे दिसत होतो.

"मला संध्याकाळची पाळी घ्यायची आहे," ती म्हणाली, आणि का, कधीपासून, स्वयंपाकाचं काय, सगळं सांगून मोकळी झाली. तो मधे बोलला नाही.

"घे," शेवटी तो म्हणाला.

"आता मी विचारत नव्हते, सांगत होते."

तिने बॅग उचलून पुन्हा पलंगाखाली सरकवली. रिकामी मात्र केली नाही.