शाळेच्या पायरीचा आकडा

माझा सख्खा भाऊ सैन्यात इंजिनिअर आहे. नव्या राजधानीचा आराखडा त्याच्याकडे आला तेव्हा सगळ्यांत जास्त मीच मिरवले. आमचं गाव नेमकं त्याच जागेत. "गावाला धक्का लागणार नाही, रस्ता वळसा घालून जाईल," असं दादा म्हणाला आणि मी, शाळेतली बाई, दारोदार तेच सांगत सुटले. माझ्या शब्दावर लोकांनी त्याला अंगणात मोजणीची दुर्बीण लावू दिली.

महिनाभर त्याच्यासाठी मी आकड्यांची उंच पट्टी धरून उभी राहिले. विहिरीपाशी, उंबऱ्यावर, शाळेच्या पायरीवर. "हलू नकोस गं, वेंधळे," तो दुर्बिणीमागून म्हणायचा. तो त्या जागेच्या उंचीचा आकडा सांगायचा, मी वहीत लिहायचे.

रविवारी त्याच्या कचेरीत डबा घेऊन गेले. भिंतीवर नकाशा होता. गावाच्या जागी निळं तळं आणि त्यावर पाण्याची पातळी लिहिलेली. शाळेच्या पायरीचा आकडा मला पाठ होता. पाणी तिच्या पाच मीटर वर होतं.

"राजधानीला पाणी लागतं," दादा म्हणाला. "एवढी खोलगट जागा दुसरी नाही."

"तुला हे कधीपासून माहीत होतं?"

"गेल्या वर्षापासून."

"मग मला खोटं का सांगितलंस?"

"खरं सांगितलं असतं तर कोणी मोजू दिलं असतं? तुझं लोक ऐकतात." आणि डबा उघडून शांतपणे जेवायला बसला. "तू काळजी करू नकोस, तुझी सोय केलीय मी."

केसाने गळा कापला मेल्याने, तोही माझ्याच हातून गावाचा. त्याचं तोंड बघवेना, तशीच निघाले. उद्या सगळ्यांना शाळेत बोलवायचं आणि काही न लपवता सांगायचं, असं ठरवलं.

सोमवारी वर्ग भरवून बसले, तोवर बाहेर गर्दी जमली. सरकारी माणूस दारावर नोटीस लावून गेला होता. गाव उठणार. राजधानीत घरासाठी जागा मिळालेल्यांच्या यादीत एकच नाव होतं, माझं. बाकीच्यांना 'पुढे कळवू'.

"मला यातलं काही माहीत नव्हतं," मी म्हणाले. माझ्याच कानांना ते खोटं वाटलं.

दादासाठी सगळ्यांत आधी दार उघडलं होतं ते शेजारच्या मावशींनी. त्या आत आल्या, नातीचं दप्तर भरलं आणि तिला घेऊन गेल्या. मग एकेक करून सगळ्यांनीच आपापली मुलं नेली.